न्हाणीघरातला पाहुणा

मला बघायला रहिमतपूरकडचा मुलगा येणार होता आणि माझ्या वडिलांना, आप्पांना, लाज वाटत होती ती अंगणातल्या भेगांची. सांगलीजवळच्या आमच्या गावात चैत्रात काळी माती अशी फाटते की आत गेलेली चप्पल चाचपून काढावी लागते. पाहुण्यांचा पाय मुरगळायला नको म्हणून आप्पांनी आठवडाभर मोटार लावून भेगांत पाणी सोडलं. मी मृदाशास्त्रात एमएस्सी केलेली. "आप्पा, माती फुगंल, घर हालंल," असं घसा फोडून सांगितलं.

"लय शिकलीस," म्हणाले आणि पाइप न्हाणीघराच्या भिंतीकडं वळवला. भेगा मिटल्या. अंगण झकास दिसू लागलं.

मुलगा त्याच्या आईबरोबर आला आणि मला पाहताक्षणीच आवडला. तिथंच माझी पंचाईत झाली. पोहे खाऊन तो हात धुवायला न्हाणीघरात गेला, दार लावलं आणि ते उघडेचना. चौकट तिरकी झाली होती.

"जावईबापू, तुमी वढा, आमी ढकलतो!" आप्पा ओरडले. अजून कशाचा पत्ता नाही आणि जावईबापू! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहार नेमकी शेजाऱ्यांनी नेलेली. ती आणायला आप्पा पळाले.

"अगं, बोल की कायतरी त्याच्याशी!" माझी आई कुजबुजली.

मला मातीशिवाय दुसरं येतं काय? दाराला तोंड लावून सुरू केलं. ज्वालामुखीचा काळा दगड ऊनपावसानं झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती. सखल भागात पाण्याला उतार नसतो, म्हणून दगडातून सुटलेली द्रव्यं वाहून न जाता तिथंच राहतात आणि त्यांची चिकणमातीची खनिजं बनतात. नुसते पापुद्रे. त्यांत पाणी शिरलं की...

आतून "हं, हं" येत होतं. घरात माझा विषय निघाला की सगळे म्हशी बघायला उठतात. याला उठून जायला जागाच नव्हती.

पहार आली, दार बिजागऱ्यांसकट निघालं. तो बाहेर आला, शर्टाला चुना, केसांत जळमट. त्याची आई पर्स घेऊन उभीच होती. "चल रं, निघू या." मला रडू येईल असं वाटलं.

त्यानं माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि बसला.

"पापुद्र्यांत पाणी शिरलं," तो म्हणाला, "मग म्होरं काय हुतं?"