ऑरिन हॉगस्टॅडचा उजवा पाय

पोर्ट हॅलवरमध्ये गाडी चालवणारा जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी ऑरिन हॉगस्टॅडच्या शेजारी बसून घामाघूम झालेला आहे. गावात ड्रायव्हिंग लायसन्सची परीक्षा घेणारा तो एकटाच होता, आणि निवृत्त होईपर्यंत त्याने दुसरं काम केलं नाही. परीक्षेला बसलेल्याशी तो रस्ता सांगण्यापुरतंच बोलायचा. "पुढे डावीकडे." "इथे थांबा." हवापाण्याच्या गप्पा नाहीत, हसणं नाही. शेवटी गाडी उभी राहिली की समोरच्या काचेतून बाहेर बघत तो निकाल सांगायचा. बहुतेकांचा निकाल दोन शब्दांचा असे. "पुन्हा या."

त्याने मेयरच्या बायकोला नापास केलं. लुथरन चर्चच्या पाद्र्याला नापास केलं, तेही ऐन ईस्टरच्या आठवड्यात. सख्ख्या मेव्हण्याला नापास केलं, आणि त्या वर्षी थँक्सगिव्हिंगला सासऱ्यांनी टर्की कापली तेव्हा जावयाच्या ताटात मान आली. ऑरिनने ती खाल्ली. त्याचा कुणावर राग नव्हता. चाक रेषेवर गेलं म्हणजे गेलं, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

त्याची बायको मार्लिस अगदी उलट्या स्वभावाची. ती पोस्टात तिकीट घ्यायला गेली तर तासाभराने परत येते आणि येताना तीन घरांच्या बातम्या आणते. फेरीबोटीच्या धक्क्यामागच्या जुन्या टेनिस कोर्टांवर गावाने पिकलबॉलच्या, म्हणजे लाकडी पॅडलने खेळायच्या छोट्या टेनिसच्या, रेषा आखल्या तेव्हा ती पहिल्याच आठवड्यात तिथे हजर होती. एका टेनिस कोर्टात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात. म्हणजे सोळा माणसं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. मार्लिसला खेळ न खेळताच आवडला. पुढे ती चांगलं खेळूही लागली.

ऑरिनला त्याचं काही नव्हतं. एका सकाळी ती कॉफीचा थर्मास घरी विसरली म्हणून तो पोचवायला गेला, आणि तिथे त्याने स्किप राडेमाखर पाहिला. स्किप निवृत्त दंतवैद्य आहे. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली, दात मात्र सगळे जागेवर आहेत. मार्लिसने एक चेंडू जाळीलगत अलगद टाकला तसा स्किपने आपलं पॅडल तिच्या पॅडलला टेकवलं, सगळे दात दाखवले आणि म्हणाला, "झकास, पार्टनर! तुझ्यासारखा हात गावात कुणाचा नाही."

ऑरिनने थर्मास बाकावर ठेवला आणि घरी आला. रात्री जेवताना त्याने विचारलं, "लेबर डेच्या पिकनिकला जोड्यांचे सामने असतात म्हणे. तू कुणाबरोबर खेळणार?"

"स्किपबरोबर. दुसरं आहे कोण?"

"मी आहे."

मार्लिसने काटा खाली ठेवला. "तू? अरे, तू शेवटचा पळालास कधी?"

"पळायचं कुठे असतं त्यात? चौघं जण उभे राहून बडबडतात, असं दिसलं मला."

"बडबडता तुला तरी कुठे येतं!" पण ती हसली, आणि हसणं खूश होऊन होतं. "खरंच खेळशील? मग ट्रुडीकडे जा. तिने पास केल्याशिवाय पिकनिकला उतरू देत नाहीत. गेल्या वर्षी त्या नवख्याने उलटं पळताना पाद्र्याला आडवा केला ना, तेव्हापासून."

"कोण ट्रुडी?"

"ट्रुडी पेकाला."

ऑरिनला गावातली माणसं गाडीवरून आठवतात. "हिरवी पिकअप?"

"हिरवी पिकअप. चार वेळा नापास केलंयस तिला."

"पाच," ऑरिन म्हणाला.

ट्रुडी पेकाला होड्यांच्या रंगाचं दुकान चालवते आणि दर मंगळवारी नवख्यांना शिकवते. ऑरिन कडक इस्त्रीच्या पँटमध्ये कोर्टावर आलेला पाहून तिने तोंडातला च्युइंगगम आधी कागदात गुंडाळून टाकला. त्या दिवशी वर्गात आणखी चार-पाच जण होते, पण ती जे बोलली ते त्याच्याकडेच बघून.

"हे पॅडल. हा चेंडू. याला भोकं आहेत, त्यामुळे हा पळत नाही, रेंगाळतो. तेव्हा जीव खाऊन मारायचं नाही. सर्व्हिस खालून, हात कमरेखाली ठेवून, समोरच्या तिरप्या चौकोनात. पलीकडच्यांनी एक टप्पा पडू द्यायचा. त्यांनी परतवला की आपणही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर चेंडू हवेतच मारायची मोकळीक. गुण मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्या बाजूलाच. अकराला डाव संपतो, पण दोनने पुढे असाल तर. इथवर कळलं, मिस्टर हॉगस्टॅड?"

"कळलं."

"आता हे." तिने जाळीजवळची पट्टी पॅडलने दाखवली. "याला किचन म्हणतात. जाळीच्या दोन्ही बाजूंना सात सात फूट. इथे उभं राहून चेंडू हवेत मारायचा नाही. चेंडूचा टप्पा आत पडला तर खुशाल आत या, मारा आणि बाहेर व्हा. पण हवेत मारताना पाय आत गेला तर फॉल्ट."

"रेषा आत धरायची की बाहेर?"

"आत."

"आणि मारताना बाहेर होतो, पण मारल्यावर झोक जाऊन आत पाय पडला तर?"

"फॉल्ट."

"तोवर चेंडू मेलेला असला तरी?"

"समोरचा पॅडल पिशवीत टाकून घरी जाऊन जेवत बसला असला तरी."

ऑरिनने सावकाश मान डोलावली. "चांगला नियम आहे," तो म्हणाला. या नियमाबद्दल ट्रुडीच्या वर्गात आजवर शिव्याच ऐकू आल्या होत्या.

"अंपायर कुठे बसतो?" त्याने विचारलं.

"अंपायर नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. शंका असली तर गुण समोरच्याला. आपला पाय लागला, आपणच बोलायचं. जोडीदाराचा लागला, तरी आपणच बोलायचं."

"लोक बोलतात?"

ट्रुडीने बाकीच्या कोर्टांकडे पाहिलं. "काही बोलतात."

ऑरिन झपाट्याने शिकला. हात स्थिर, नजर पक्की. गुण सांगताना तीन आकडे म्हणावे लागतात: आपले, त्यांचे आणि आपल्यातला कितवा सर्व्हिस करतोय तो. बहुतेक नवखे यात महिनाभर अडखळतात. ऑरिनने ते पहिल्या दिवसापासून रेडिओवरच्या हवामानासारखे खणखणीत सांगितले. अडचण त्याच्या उजव्या पायाची होती. परीक्षकाच्या सीटपुढे ब्रेक नसतो, पण समोरून काही वेगाने आलं की परीक्षकाचा पाय तो दाबतोच. ऑरिनने सगळी नोकरी नसलेला ब्रेक दाबण्यात घालवली होती. आता समोरून पिवळा चेंडू वेगाने यायचा, हात तो अचूक मारायचा आणि उजवा पाय पुढे जाऊन ब्रेक दाबायचा. किचनमध्ये.

"फॉल्ट," ऑरिन स्वतःच म्हणायचा, आणि मागे यायचा.

त्याने गॅरेजमध्ये जमिनीला चिकटपट्टी लावली. मार्लिस भिंतीपाशी उभी राहून त्याच्यावर चेंडू फेकायची. "अरे, मी आहे मी! ट्रक नाही!" ती ओरडायची. पाय जायचाच. ऑगस्ट संपत आला तेव्हा मात्र दहातले सात चेंडू तो पाय न हलवता मारू लागला होता. मार्लिसने स्किपला सांगून टाकलं, ऑरिन पास झाला तर मी त्याच्याबरोबर खेळणार. स्किप म्हणाला, "अर्थातच," आणि दात दाखवले. पण थोडे कमी.

ट्रुडीची परीक्षा ही एरवी गंमतच असते. तिच्याशी एक डाव खेळायचा, कुणाला इजा करायची नाही, किचनचे तीन फॉल्ट माफ. आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं. पिकनिकच्या आधीच्या मंगळवारी मात्र अर्धं गाव घडीच्या खुर्च्या घेऊन आलं. मेयरची बायको पुढच्या रांगेत होती.

ट्रुडी आली ती चेहरा कोरा करून. "सुरू करा," ती म्हणाली. नंतर, "सर्व्हिस." नंतर, "थांबा. पुढचा." बाकी शब्द नाही, हसणं नाही. लोक तोंडावर हात ठेवून खिदळत होते. ऑरिनच्या लक्षात आलं की नाही ठाऊक नाही. इतकं नीट परीक्षा घेणारं माणूस भेटल्याचं समाधान तेवढं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

तो चांगला खेळला. तीनदा पाय गेला, तीनदा त्याने स्वतःच सांगितलं. दहा-आठवर चेंडू उंच आला. ऑरिनने तो असा मारला की ट्रुडीला वळून बघावं लागलं, आणि चेंडू कुंपणापर्यंत घरंगळत गेला. टाळ्या पडल्या. मेयरच्या बायकोनेही वाजवल्या. ट्रुडीची हौस फिटली होती, ती हसत वळली आणि म्हणाली, "पास!"

ऑरिन खाली बघत होता. "नाही."

"काय नाही?"

"पाय गेला. चौथा."

"मला नाही दिसला."

"तुम्ही चेंडूकडे बघत होतात. परीक्षकाने चेंडूकडे बघायचं नसतं."

"हे बघा, मिस्टर हॉगस्टॅड. परीक्षा माझी आहे. मी म्हणते पास."

"तुम्हाला तसं म्हणता येणार नाही."

ट्रुडीने पॅडल जमिनीवर आपटलं. "पाच वेळा मला नापास केलंत! आता मला पाससुद्धा करू देत नाही?"

"पुढच्या मंगळवारी येतो," ऑरिन म्हणाला.

"अहो, पिकनिक सोमवारी आहे!"

"ठाऊक आहे."

घरी मार्लिसने बटाटे सोलायला घेतले आणि सालीबरोबर निम्मे बटाटेही काढून टाकले. "तुला माझ्याबरोबर खेळायचं होतं ना?"

"हो."

"स्किपबरोबर मी खेळू नये असं वाटत होतं ना?"

"हो."

"मग कुणी पाहिलं नव्हतं, ऑरिन!"

"मी पाहिलं."

"देवा रे," मार्लिस म्हणाली, आणि स्किपला फोन लावला.

सोमवारी ऊन चांगलं पडलं होतं. धक्क्याजवळ आल्डरच्या लाकडावर सामन मासे भाजत होते. ऑरिन मांडीवर ताटली घेऊन कोर्टाच्या कडेला बसला. मार्लिस आणि स्किप एकामागून एक जोड्या हरवत शेवटच्या सामन्याला पोचले. समोर औषधांच्या दुकानाचे मालक-मालकीण होते. दर गुणाला स्किप पॅडल टेकवत होता आणि "झकास, पार्टनर!" चालू होतं. ऑरिन सामनचे काटे फार काळजीने काढत होता.

दहा-नऊ, सर्व्हिस मार्लिसची. दोन-तीनदा चेंडू इकडून तिकडे गेला, मग जाळीवर उंच उठला आणि स्किपने तो दोघांच्या मधून सणकावला. मालक-मालकीण चेंडूमागे वळले. गावही चेंडूमागे वळलं. स्किपने दोन्ही हात वर केले.

"फॉल्ट," कुणीतरी म्हणालं.

ती मार्लिस होती. "स्किप, तुझा पाय. रेषेवर होता."

"माझा?" स्किपचे हात वरच राहिले. "अगं, तू कुणाच्या बाजूने आहेस?"

"होता रे. बोट होतं रेषेवर."

"पण पाहिलं कुणी?"

"मी पाहिलं," मार्लिस म्हणाली, आणि आपल्याच तोंडून काय निघालं ते ऐकून तिने मान वळवून कडेच्या खुर्चीकडे पाहिलं. बोट ऑरिनलाही दिसलं होतं. पण प्रेक्षकाला बोलायचा अधिकार नसतो, म्हणून तो बटाट्याचं सॅलड खात राहिला.

सर्व्हिस गेली. पुढचे तिन्ही गुण मालक-मालकिणीने घेतले आणि सामनाही. स्किपने जाळीपाशी जाऊन रीतीप्रमाणे सगळ्यांच्या पॅडलला पॅडल टेकवलं. मार्लिसच्या पॅडलला टेकवलं तेव्हा दात दिसले नाहीत. त्याच आठवड्यात त्याने नवी जोडीदारीण शोधली. बाई खेळते बरी, आणि चष्म्याशिवाय तिला पावलांपर्यंतचं दिसत नाही.

घरी निघताना गाडीचं एक दार जोरात आपटलं. मग मार्लिस म्हणाली, "हे सगळं तुझ्यामुळे."

"मी तर तोंडही उघडलं नाही."

"चव्वेचाळीस वर्षं एका घरात राहिले ना तुझ्याबरोबर, त्यामुळे! लागण झाली मला." तिने खिडकीची काच खाली केली. "उद्या मंगळवार आहे."

"हो."

"पाय आवर."

मंगळवारी कोर्टावर कुणी खुर्च्या घेऊन आलं नाही. दोन फॉल्ट झाले. ट्रुडीने पास म्हणण्याआधी त्याच्याकडे पाहिलं, त्याने होकाराची मान डोलावली, मग ती म्हणाली.

तेव्हापासून हॉगस्टॅड नवरा-बायको रोज सकाळी जोडीने खेळतात. समोर खेळायला लोक टपलेले असतात. ज्या चेंडूला समोरचे स्वतःच "गेला वाटतं बाहेर" म्हणतात, त्यालाही मार्लिस "छे, रेषेला शिवला" म्हणते. ऑरिन पाय सांगतो, आपला आणि तिचाही. ती चिडते, मग पुढच्या गुणाला त्याचा सांगते. पहिला महिनाभर ते एकही डाव जिंकले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये, एका कोरड्या सकाळी, पाद्री आणि त्याच्या बायकोविरुद्ध ते बारा-अकराने पुढे होते. सर्व्हिस ऑरिनची, आणि एक गुण मिळाला की डाव त्यांचा. पाद्र्याने परतवलेला चेंडू मार्लिसने टप्पा पडल्यावर जाळीपल्याड टाकला, पाद्र्याच्या बायकोने तो जोरात परतवला, आणि ऑरिनने हवेतच मारला. चेंडू दोघांच्या मधून गेला, आत पडला आणि थांबला. पाद्री हसत पॅडल पुढे करून जाळीकडे निघाला.

हॉगस्टॅड दोघंही खाली बघत होते. आधी स्वतःच्या पायांकडे, मग एकमेकांच्या.

"तुझा?" मार्लिसने विचारलं.

"बाहेर. तुझा?"

"बाहेर."

ऑरिन आणखी थोडा वेळ उभा राहिला, झोक पुरता ओसरेपर्यंत. मग ते दोघं जाळीकडे गेले.