एका बैठकीतले पक्के दात

१७ जून १९७८, शनिवार. रक्कम एकशे साठ रुपये, रोख. हजर तिघे: मी, पत्नी आणि दातवाला. पावती मागितली, ती मिळाली नाही. तिथेच उठायला हवं होतं.

पत्नी प्राथमिक शाळेत पहिलीला शिकवायची. त्या उन्हाळ्यात तिचे वरचे समोरचे दोन दात किडून तुटले; मुळं हिरडीतच राहिली. त, थ, द म्हणताना हवा निसटायची. शाळा उघडायला नऊ दिवस होते. काढता-घालता येणारी कवळी तिला नको होती. "वर्गात पडली तर? पोरं वर्षभर हसतील," ती म्हणाली.

मी तीन दुकानांत भाव विचारला. भाजी असो की कापड, आमच्या घरी तीन ठिकाणी विचारल्याशिवाय काही येत नाही. दातही तसेच आणले. स्टेशनाजवळच्या तिसऱ्या दुकानावर 'एका बैठकीत पक्के दात' अशी पाटी होती. तिथल्या दातवाल्याने दोनशे सांगितले: दातांचे एकशे साठ, मुळं काढायचे चाळीस. मी चाळिसावर अडलो.

"मुळं दुखतात का बाई?" त्याने विचारलं.

"नाही."

"मंग काहून काढायची? वरूनच बसवून देतो. बाबूजीचे चाळीस वाचले."

"पण आत कुजलं तर?"

"बाई, तुम्ही पोरायले शिकवा. दाताचं मले शिकवू नका."

तो हसला. मीही हसलो. त्या हसण्याबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

शेजारच्या दोन धडधाकट दातांना त्याने बारीक तार गुंडाळली, मधे दातांच्या रंगाचा लगदा भरला, वाळल्यावर कानशीने घासला. अर्धा तास लागला. आरशासमोर पत्नीने त, थ, द स्वच्छ म्हणून दाखवलं.

पोळ्याच्या आत हिरडी सुजली, तोंडाला घाण येऊ लागली. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे फोटो काढला. मुळांखाली पू होता, आणि वरचं झाकण पक्कं. तारेच्या ओढीने शेजारचे दोन्ही दात हलत होते.

"माझे चांगले दात तरी राहतील ना?" पत्नीने विचारलं.

"नाही बाई. चारही काढावे लागतील."

मी तडक दुकानात गेलो. दातवाला म्हणाला, "तुमच्या बाईचं हाडच कच्चं, बाबूजी."

"मग तार बांधायच्या आधी काहून नाही पाहिलं?" मी ओरडलो.

खुर्चीत तोंड उघडून बसलेल्या गिऱ्हाइकाने मान वळवली. "तुमाले केवढ्यात पडलं जी?"

"एकशे साठ."

"एकशे साठ? अन् मले हा एकशे ऐंशी सांगून राहिला!"

मी तिथे उभा असतानाच त्यांची घासाघीस सुरू झाली.

परदेशात आता हाडातच पेच रोवून त्यावर दात बसवतात, असं वाचलं. इकडेही येईल. बसवायचे त्यांनी बसवावे. पण भावाआधी विचारा: आतलं मूळ काढलं का, फोटो कुठे आहे, हाड किती उरलंय, साखरेचा आजार तपासला का, दात कशाच्या आधारावर राहणार आणि तो हलला तर कोण बघणार? यातलं एकही मी विचारलं नाही.

हिरडी भरेपर्यंत तीन महिने पत्नीने तोंडावर पदर धरून शिकवलं. पोरं हसली. मग काढता-घालता येणारी कवळीच आली. ती वर्गात एकदाही पडली नाही.

दातवाल्याने काही परत केलं नाही. शेवटी सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर कवळीचे अठ्ठेचाळीस रुपये भरले, पावती घेतली. पावतीवर दात चार लिहिले होते. आम्ही निघालो होतो दोन बसवायला.