थरथर

करंजाड्यातल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. त्यांची सगळी नोकरी घाटाच्या पायथ्याशी, जलविद्युत केंद्रातल्या माणसाएवढ्या उंच पाइपांच्या शेजारी गेली. अजूनही सकाळी पाण्याचा पंप सुरू झाला की ते बाहेर येतात, चपला काढतात, पाइपावर तळवा टेकवतात आणि डोळे मिटतात. तापलेल्या पोराच्या कपाळाला हात लावावा तसा.

एकदा मी जिन्याखालचा नळ खटकन बंद केला आणि भिंतीत धाडकन आवाज झाला. "हलू," काका म्हणाले. "पानी धावत येतं. त्याच्या तोंडावर दार नको आपटू."

आमच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढेना, तेव्हा सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी मोठा पंप मागितला.

"पंप चांगला हाय," काका म्हणाले. "व्हॉल्व्ह फडफडतोय, पाइप थरथरतोय. सगला जोर थरथरन्यातच जातो, मग वर काय पोचनार?"

तळमजल्यावर राहून बोलायला काय जातं, असं मी सगळ्यांसमोर म्हणालो. मग माझा आवाज चढला आणि ठरवून आणलेला एकही मुद्दा मला आठवेना. काका उठले. चपला काढून माझ्याजवळ आले, माझ्या मनगटावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले.

माझा हात थरथरत होता, हे मला तेव्हा कळलं.

रविवारी व्हॉल्व्ह बदलला. आता चौथ्या मजल्यावर पाणी पोचतं. माझं म्हणणं पोचायला अजून वेळ आहे, असं बायको म्हणते.