एका हातानं उघडणारा चाकू

माझी आत्या कोल्हारला राहते. प्रवरेपासून थोड्या अंतरावर तिची मोसंबीची बाग आहे आणि बागेच्या कडेला रोपांची छोटी वाडी. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच ती विधवा होऊन माहेरी परतली, तेव्हा आजोबांनी तिला हा तुकडा दिला. तिनं तो नुसता सांभाळला नाही, त्यावर रोपं तयार करून विकायला सुरुवात केली. जंबेरी या रानटी लिंबाच्या खुंटावर चांगल्या मोसंबीचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवायचा, वर पट्टी बांधायची आणि तो जीव धरेपर्यंत वाट पाहायची, असं ते काम. आमच्याकडे त्याला डोळे भरणं म्हणतात. शाळेच्या वर्षांत मी तिच्याकडेच होतो, त्यामुळे तिच्या कमरेच्या पिशवीतला घडीचा चाकू मी रोज पाहिलेला. नखानं पातं ओढून काढायची, काम झालं की मांडीवर दाबून मिटायची. बाईमाणसानं चाकू बाळगायचा म्हणून गावात सुरुवातीला लोक हसत असत, असं तीच सांगते. पुढे तेच लोक रोपं न्यायला येऊ लागले.

तीन वर्षांपूर्वी तिला अर्धांगाचा झटका आला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. पाय सावरला, बोलणं नीट झालं, पण डावा हात पूर्वीसारखा झाला नाही. मूठ वळायची, फांदी धरता यायची, पण बोटांच्या चिमटीत जोर राहिला नाही. चाकूचं पातं नखानं ओढता येईना.

एकदा मी केडगावच्या माझ्या घरून तिला भेटायला गेलो तेव्हा ती वाडीत बसली होती. तिनं चाकू तोंडाजवळ नेला, पातं दातांत धरलं आणि उजव्या हातानं मूठ खाली ओढली. चाकू उघडला. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर तिनं पदरानं पातं पुसलं आणि मला विचारलं, गाडीत जागा असेल तर दोन रोपं नेशील का. मी रोपं गाडीत ठेवून निघालो. पण ते दृश्य माझ्या डोक्यातून जाईना.

घरी येऊन मी मोबाईलवर शोधायला लागलो. परदेशात एक वेगळ्या प्रकारचा चाकू मिळतो. पात्याच्या बुडाशी छोटी खुंटी असते. अंगठ्यानं ती जराशी ढकलली की पुढचं काम आतली स्प्रिंग करते आणि पातं उघडून घट्ट बसतं. दुसऱ्या हाताची गरजच नाही. मला तो आत्यासाठीच बनवल्यासारखा वाटला. बायको म्हणाली, आधी चौकशी कर, चाकूबिकूचे कायदे असतात. मी चौकशी केलीही. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला शस्त्राचा परवाना लागतो आणि शेतीची, घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत, एवढं मी वाचलं. मी पसंत केलेल्या चाकूचं पातं करंगळीएवढं होतं. मी निर्धास्तपणे मागवला.

पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकलं. पत्र आलं त्याचा अर्थ असा होता की, ही वस्तू स्प्रिंगनं उघडते, ती बटणाच्या चाकूत मोडते की नाही याचा खुलासा करावा, लेखी किंवा समक्ष. मग मला कळलं की लांबी-रुंदी हा एक भाग झाला. बटण दाबताच खटकन उघडणाऱ्या चाकूकडे, ज्याला लोक रामपुरी म्हणतात, सरकार वेगळ्या नजरेनं बघतं. पातं लहान असलं तरी काही ठिकाणी त्यावर बंदी आहे. माझा चाकू बटणाचा नव्हता आणि साधाही नव्हता. मधल्या या जातीबद्दल नेमकं काही लिहिलेलं मला कुठं सापडलं नाही. ज्याच्या टेबलावर वस्तू येईल त्यानं ती बघून ठरवायचं, असाच प्रकार दिसत होता.

लेखी खुलासा धाडून मी मोकळा झालो असतो, पण फोनवर बोलता बोलता आत्याला हे सगळं सांगून बसलो. तिला चाकूचा पत्ताच नव्हता, मी अचानक नेऊन देणार होतो. ती म्हणाली, ''मी येते. चाकू माझा हाय म्हनल्यावर मीच सांगायला पायजे.''

मी नाही नाही म्हणून पाहिलं. प्रवास लांबचा, तिची तब्येत, तिथं जिने असतील. तिनं ऐकून घेतलं आणि किती वाजता निघायचं ते विचारलं. ठरल्या दिवशी पहाटे मी कोल्हारला पोहोचलो तेव्हा ती धुवट लुगडं नेसून ओट्यावर तयार बसली होती. बरोबर भाकरी, मिरचीचा ठेचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली मोसंबीची एक काडी. काडी कशाला, असं मी विचारलं. तिनं सांगितलं, त्या लोकांना काम दाखवावं लागलं तर रिकाम्या हातानं काय दाखवायचं?

संगमनेर, आळेफाटा, माळशेज करत आम्ही मुंबई गाठली. कस्टमच्या त्या खोलीत बरेच लोक आपापल्या पार्सलांसाठी बसले होते. आमचा नंबर आला तेव्हा टेबलापलीकडे चाळिशीच्या एक अधिकारी बाई होत्या. चेहऱ्यावर दिवसभराचा थकवा, पण बोलणं सौम्य. त्यांनी माझा अर्ज वाचला, आत्याला खुर्ची दिली आणि विचारलं, ''आजी, हा चाकू तुम्हाला कशासाठी हवाय?''

''डोळे भरायला,'' आत्या म्हणाली.

बाईंनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईनं समजावून सांगायला लागलो, तर आत्यानं मला हातानं थांबवलं आणि पिशवीतून काडी काढली. पानाच्या बगलेतला तो बारीक फुगवटा दाखवला. हा डोळा, तो सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीत बसवायचा, त्याला पातळ धारेचा चाकू लागतो, असं तिनं शांतपणे सांगितलं. डाव्या हाताचं काय झालंय तेही सांगितलं. रडगाणं नाही, फक्त माहिती.

बाईंनी पार्सलच्या पाकिटातून चाकू काढला. मीही तो पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होतो. काळी मूठ, मिटलेलं पातं, चांगला देखणा. बाईंनी मुठीवर सगळीकडे दाबून पाहिलं, बटण नव्हतं. झटकून पाहिला, उघडला नाही. मग त्यांनी तो आत्याच्या उजव्या हातात दिला आणि उघडून दाखवायला सांगितलं. आत्यानं अंगठा खुंटीवर ठेवला, जरासा ढकलला. खट् असा आवाज झाला आणि पातं बाहेर आलं. ते इतकं चपळ होतं की आत्याच दचकली आणि चाकू तिच्या हातून टेबलावर पडला. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

आत्या चाकूकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ''बाई, ह्यो तर माझ्या आदीच उघडतो.''

बाई हसल्या. त्यांनी चाकू जपून मिटला आणि आम्हाला सगळं मोकळेपणानं सांगितलं. बटण नाही, पातं लहान आहे, काम शेतीचं आहे, हे त्या लिहून देऊ शकत होत्या. पण स्प्रिंग आहे म्हणून त्यांच्या एकटीच्या सहीनं चाकू सोडता येणार नव्हता, प्रकरण वरिष्ठांकडे जाणार होतं. त्याला वेळ लागला असता, पण चाकू कदाचित मिळालाही असता. नको असेल तर पाठवणाऱ्याकडे परत करायची सोय होती.

मी म्हणालो की आम्ही थांबू, वरिष्ठांकडे पाठवा. त्याच वेळी आत्या म्हणाली, ''नको. परत पाठवा.''

मी तिच्याकडे पाहिलं. ती बाईंशीच बोलत राहिली. वाडीत कामाला बायका येतात, त्यांची लेकरं दिवसभर तिथंच खेळतात. असला चाकू कुणाच्या हाती लागला तर केवढ्याला पडेल? बाईंनी मान डोलावली आणि माझ्यापुढे सही करायला कागद सरकवला. मी सही केली. तोवर बाईंनी आत्याला विचारलं होतं की, त्यांच्या गॅलरीतल्या कुंडीतल्या गुलाबावर असा डोळा बसेल का. आत्यानं खुंट कोणता घ्यावा, पट्टी किती घट्ट असावी, पाणी कधी द्यावं, सगळं सविस्तर सांगितलं. मागं लोक खोळंबले होते, पण कुणी तक्रार केली नाही. निघताना आत्यानं ती काडी बाईंनाच देऊन टाकली.

परतीच्या वाटेवर मी फारसा बोललो नाही. रजा काढून, एवढी गाडी हाकून मी तिच्यासाठी आलो होतो आणि तिनं एका वाक्यात नकार दिला होता. मला राग आला होता, आणि रागावल्याची लाजही वाटत होती. आळेफाट्याला चहाला थांबलो. बशीतला चहा पिऊन झाल्यावर ती म्हणाली, ''रुसलास व्हय?''

मी नाही म्हणालो. ती हसली.

मग ती सांगत राहिली. हात गेल्यापासून जो येतो तो तिला बसून राहायला सांगतो. डॉक्टर सांगतात, शेजारी सांगतात, माझे वडील फोनवर तेच सांगतात. वाडी बंद कर, आता आराम कर. ऐकून ऐकून तिला वाटायला लागलं होतं की आपलं खरंच संपलं. ''तू मातुर चाकू मागवलास,'' ती म्हणाली. ''म्हनून आले मी. कसला का असंना, माझ्यासाठी कुनीतरी कामाची वस्तू मागवली हुती. ती बघायची हुती मला.''

मी आणखी दोन चहा सांगितले.

पुढच्या आठवड्यात नगरला शेतीच्या अवजारांच्या दुकानातून मी एक छोटा, न मिटणारा कलमाचा चाकू आणला. लाकडी मूठ, वर चामड्याचं म्यान. उघडायचा प्रश्नच नाही, फक्त म्यानातून ओढायचा. आत्यानं आधी नाक मुरडलं. मिटत नाही तो चाकू कसला, कमरेला उगाच लटकत राहतो, असं म्हणाली. माझ्या बायकोनं त्या म्यानाला कापडी नाडा शिवून दिला, तेव्हा कुठं तिनं तो बांधला.

त्या हिवाळ्यात मी दर रविवारी कोल्हारला जात होतो. साल ती कापायची, डोळा ती बसवायची, पट्टी मी बांधायचो, कारण गाठ मारायला तिची बोटं साथ देत नव्हती. माझ्या पट्ट्या कधी सैल पडायच्या, कधी इतक्या घट्ट की डोळा गुदमरायचा. पहिल्या ओळीतले बरेच डोळे वाळले. ती नुसती मला पुन्हा बसवायची आणि बोट कुठं ठेवायचं ते दाखवायची. दुसऱ्या ओळीतले बहुतेक धरले. हिरवा कोंब पट्टीच्या वर आलेला पाहिला तेव्हा मी तिला हाक मारून बोलावलं. ती काठी टेकत आली, वाकून पाहिलं आणि म्हणाली, ''आता तुला लागलं जमायला.''

त्यातलं एक रोप केडगावला आमच्या अंगणात लावलंय. गुडघ्याच्या वर गेलंय, फळाला अजून अवकाश आहे. ज्या रविवारी माझं जाणं होत नाही त्या दिवशी आत्याचा फोन येतो. आधी बायकोची चौकशी होते, मग रोपाची. खुंटाला खालून फुटवे आले का, आले असतील तर आजच काढ, नाहीतर सगळी ताकद तेच खातील. मी फोन कानाला लावूनच अंगणात जातो, खाली वाकून बघतो आणि काय दिसतंय ते तिला सांगतो.