चैत्रातला किनारा

"आमची पोरगी दर म्हयन्याला जाती तिकडं. तिला त्यो सगळा किनारा पाठ हाय," आप्पा सोप्यात सांगत होते.

मी आत स्वयंपाकघरात ताटं पुसत होते. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आमच्या घरची रीत, त्यामुळे काकूची घाई चालली होती. त्यात पाहुणा कोकणातून आलेला. पाहुणा म्हणजे जागेचा एजंट. आप्पा माझे थोरले काका. निपाणीच्या आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा.

"मग प्रश्नच मिटला," एजंट म्हणाला. "घरातच जाणकार असल्यावर आम्ही वेगळं काय सांगायचं?"

पुसलेलं ताट मी पुन्हा पुसायला घेतलं. महिनाभर मी गप्प होते आणि त्या गप्प राहण्याचं आता बाहेर प्रमाणपत्र झालं होतं.

समुद्रकाठची एक जागा घ्यायचं घरात ठरलं होतं. त्यासाठी आजोबांनी बांधलेली तंबाखूची वखार विकायची. गिऱ्हाईक तयार होतं. अक्षय तृतीयेला जागेचा इसार द्यायचा, पुढच्या वर्षी तिथं चार खोल्या बांधायच्या आणि पाहुणे ठेवायचे. निपाणी-बेळगावची माणसं सुट्टीत तिकडंच जातात, मग आपल्याच माणसाकडे का उतरणार नाहीत, असा चुलतभावाचा, म्हणजे आप्पांच्या मुलाचा, हिशेब. मी त्याला दादा म्हणते. वखार सोडली तर आमच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही उरत नव्हतं.

मी बेळगावात खोली घेऊन राहते. समुद्राची वाळू आणि तिच्यातले प्लास्टिकचे बारीक कण किनाऱ्यावर कसे सरकतात, हे माझं संशोधन. समुद्र नसलेल्या गावात बसून हे का करते, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर देऊन देऊन मी थकले आहे. दर महिन्याला पहाटेची गाडी पकडते. कणकुंबीच्या पुढे फोनची रेंज जाते, तेवढा वेळ मला आवडतो. मग घाट, वळणं, आणखी एक गाडी. किनाऱ्यावर पोचल्यावर दोन काठ्या आणि दोरी घेऊन उतार मोजायचा. भरतीच्या रेषेवर लोखंडी चौकट टाकून आतली वाळू खरवडायची आणि स्टीलच्या डब्यांत भरायची. प्लास्टिकच्या डब्यात भरली तर डब्याचेच कण मोजावे लागतील. अंगावर कपडेही सुतीच, कारण ओढणीचा एक धागा पडला तरी नमुना वाया जातो. परतीच्या गाडीत डब्यांचं ओझं पायाशी ठेवलं की कंडक्टर हमखास विचारतो, "काय बाई, बेळगावात वाळू मिळंना झाली व्हय?" पहिल्यांदा मी हसले होते.

प्रयोगशाळेत ती वाळू घट्ट मिठाच्या पाण्यात ढवळायची. वाळू तळाला बसते, प्लास्टिक वर येतं. निळे धागे, मासेमारीच्या दोरांचे हिरवे तुकडे, मोहरीएवढे पांढरे मणी. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक वेगळे करताना मान दुखते आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, जी कधीकधी खरोखरच गेलेली असते.

एवढं केल्यावर मला जे समजलं ते फार मोठं नाही. पाऊस संपला की लाटा शांत होतात आणि वाळू परत आणून टाकतात. किनारा रुंद होत जातो. चैत्र-वैशाखात तो सगळ्यात रुंद असतो. पावसाळ्यात समुद्र ती वाळू घेऊन जातो. सगळे किनारे असेच श्वास घेतात. मी मोजते त्या किनाऱ्यावर मात्र जितकी जाते तितकी परत येत नाही. मापं जिथून सुरू करायची ती सिमेंटच्या खांबाची खूण मला मागे घ्यावी लागली. मग पुन्हा मागे. एका पावसाळ्यानंतर काठ चाकूनं कापावा तसा उभा कापला गेला होता. त्या कापात हातभर खोल एक वेफर्सचं पाकीट अडकलेलं होतं. मी ते उपसून पुसलं. छापलेली तारीख त्या पावसाळ्याच्या आदल्याच वर्षीची. म्हणजे त्याच्यावरची सगळी वाळू त्याच्यानंतर आलेली. लोक तिच्यावर खुर्च्या टाकून बसतात.

पाडव्यानंतर दादा आप्पांना घेऊन जागा बघायला गेला. घरच्या ग्रुपवर त्यानं फोटो टाकला. पांढरीशुभ्र रुंद वाळू, मागे सुरूच्या झाडांची रांग, आणि चपला हातात घेऊन उभे असलेले आप्पा. झाडं मी लगेच ओळखली. त्यातल्या शेवटच्या झाडाच्या मुळांशी मी डबे ठेवते.

त्या रात्री काकूचा फोन आला. आप्पांना आयुष्यभर तंबाखूच्या धुळीचा खोकला आहे. आम्हा पोरांना ते घरात आल्याचं खोकल्यावरून कळायचं. "अगं, तिथं दिवसभर एकदा बी खोकलं न्हाईत," काकू सांगत होती. "मला म्हणाले, म्हातारपणी इथं येऊन नुसतं बसायचं. लई वर्सांनी असं बोलले बघ." मी म्हणाले, "चांगलंय की."

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला. म्हणाले, "दादा, आमच्या मापांवरून तिथं किनाऱ्याची धूप होण्याची शक्यता दिसते."

"शक्यता तर निपाणीत भूकंपाची बी हाय," दादा म्हणाला. "तू प्लास्टिक मोजतीस न्हवं? ते मोज."

वाद घालण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. मी लहानपणापासून इंग्रजी शाळेत शिकले. परिसंवादात उभी राहून मी हे सगळं इंग्रजीत सांगू शकते, आणि तिथं 'शक्यता दिसते' म्हटलं की माना हलतात. घरी तेच वाक्य दुबळं होतं. शिवाय मार्गदर्शक मॅडमनी सांगून ठेवलं होतं, की अहवाल जाईपर्यंत जागांबद्दल बाहेर अवाक्षर बोलायचं नाही. "लोकांचे व्यवहार असतात गं त्यात. आपण मध्ये पडायचं नसतं." हे कारण मला सोयीचं वाटलं. मी ते पुढं करून झोपायची. झोप नीट लागायची नाही, ते वेगळं.

काकूनं माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "किती पुसतीस? जा, वाढ त्यास्नी."

मी ताटं घेऊन सोप्यात गेले. जमखान्यावर एजंट, त्याच्याशेजारी दादा. समोर प्लॉटचा नकाशा पसरलेला. समुद्र निळ्या पट्टीनं दाखवलेला आणि ती पट्टी पट्टीनंच आखल्यासारखी सरळ. आप्पा भिंतीला टेकून बसले होते.

"ये गं, बस," आप्पा म्हणाले. "सांग ह्यास्नी, पाण्यापासनं किती लांब हाय आपली जागा?"

आपली. मी खाली बसले. नकाशावर सुरूची झाडं कुठं येतात ते शोधायला लागले.

"ती काय बोलायची!" दादा हसला. "दोन-दोन दिवस घरात असली तरी कळत न्हाय कुणाला. एकदा आईनं भाईर कुलूप लावलंतं, ही आतच."

"शिकलेल्या मुली अशाच शांत असतात," एजंट म्हणाला. "मॅडम, समुद्र समोर आहे, हे तरी मान्य ना?"

दादा पुन्हा हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती जाईपर्यंत सगळे थांबले. मग डोळे पुसून ते माझ्याकडे बघत राहिले. वाढायला आलेल्या पोरीकडे बघतात तसं ते बघणं नव्हतं. त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

"कुठल्या महिन्यात?" मी विचारलं.

"काय?"

"किती लांब, ते कुठल्या महिन्यात?"

"घ्या!" दादा म्हणाला. "समुद्र काय भाड्यानं ऱ्हातोय व्हय, दर म्हयन्याला घर बदलायला?"

"भरती-ओहोटीचं थोडंफार सगळीकडेच असतं," एजंट घाईनं म्हणाला आणि नकाशाची घडी घालायला लागला. "मॅडमना तेच म्हणायचंय."

"तिला काय म्हणायचंय ते तिला म्हणू दे," आप्पा म्हणाले.

आत काकूची भांड्यांची आदळआपट थांबली होती. बाहेर अजून उजेड होता. माझ्या डोक्यात तयार वाक्यं होती, सगळी इंग्रजीत, प्रत्येकात एक 'कदाचित'. मी ती एकेक करून सोडून दिली. आप्पांच्या हातांकडे बघितलं. ह्या हातांनी शेत होतं तोवर शेत केलंय, वखार चालवलीय.

"आप्पा, समुद्र तिथं बांध कोरतोय," मी म्हणाले. "दरसाल कोरतोय, आणि परत भरत न्हाय. तुम्ही उभं ऱ्हायलेल्या जागंवर आषाढात मला गुडघाभर पाणी लागतंय. इसार देऊ नका."