सामाईक धुऱ्यावरचा तित्तर

पंख असूनही पायीच चालण्याचा एवढा मिजासखोर हट्ट धरणारा गृहस्थ साऱ्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही. वरवट बकालला माझ्या साडूभाऊंच्या आणि शेजाऱ्याच्या शेतांच्या मधे गवताचा सामाईक धुरा आहे. त्या बांधावर हा तित्तर सहकुटुंब राहतो. अंगात बारीक नक्षीचा मातकट कोट, चाल नुकत्याच निवडून आलेल्या सरपंचाची. माणूस दिसला की वाकून पळेल, काट्यात शिरेल, पण उडणार नाही. अगदी पायाखाली आला की मात्र असा फर्रकन उडतो की माणूसच खाली बसतो. मी बसलो आहे, तेही सराट्याच्या काट्यांवर. उजाडताच ओरडून शिवार डोक्यावर घेतो आणि ऊन चढलं की मातीत लोळून अंघोळ करतो. साडूभाऊ म्हणतात, "पानी लावत नाही अंगाले, तरी तुह्यापेक्षा साफ हाये!"

यंदाच्या उन्हाळ्यात तित्तरीणबाईंनी त्या गवतात सात अंडी घातली आणि साडूभाऊंची पंचाईत झाली. पेरणीआधी धुरा पेटवायची आमच्याकडे रीत. धुरा सामाईक, त्यामुळे शेजाऱ्याने काडी लावली की सगळंच जळणार. खरं कारण सांगायचीही सोय नाही, कारण शेजारी तित्तराच्या अंड्यांचा भारी शौकीन. मग रोज नवी थाप. सोमवारी वारा फार, मंगळवारी वार वाईट, बुधवारी पाय मुरगळलेला.

"काऊन भाऊ, गुप्तधन पुरलं काय धुऱ्यात?" शेजाऱ्याने टोमणा मारला.

"हाव, पुरलं! तुले काय करा लागते?"

गुरुवारी शेजाऱ्याने न विचारता काडी लावलीच. गुडघ्यांमुळे देवळाची पायरीही न चढणारे साडूभाऊ पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून धावले. पाणी संपलं तशी अंगातली नवी कोरी बंडी काढून त्यांनी जाळ बडवला. घरटं हातभर अंतरावर असताना तो विझला. तित्तरीण जागची हललीच नव्हती. शेजारी वाकून तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मले सांगतलं असतं तं?"

"तू खाल्ले असते बे!"

"खाल्ले असते," त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. "पन आता कसा खाऊ? बसूनच राह्यली ना ते."

तेव्हापासून दोघं आळीपाळीने राखण करू लागले. आठवड्याने आम्ही तिघं गेलो, तर घरट्यात नुसती टरफलं. तित्तराची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच आईमागे चालू लागतात. सारं बिऱ्हाड कुठल्या कुठे निघून गेलं होतं. साडूभाऊ उकिडवे बसून राहिले.

"सांगून तं जा लागत होतं," ते हळूच म्हणाले.

 पिल्लांसाठी शेजाऱ्याने रुमालात ज्वारीची कणी बांधून आणली होती. ती त्याने टरफलांशेजारी ओतली आणि रुमाल झटकत तो उगाचच दूरवर बघत उभा राहिला.