तिरफळ चावलं त्या दिवशी

मीरा, ईशान, गेल्या महिन्यातल्या तापानंतर माझ्या तोंडाची चवच गेली होती. तुम्हाला काळजी नको, म्हणून फोनवर बोलले नाही. आज लिहिते, कारण काल काहीतरी घडलं.

आजोबा आणि मी रत्नागिरीला आलो आहोत. काल सकाळी किल्ल्यावरून समुद्र पाहिला. इतका निळा, की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. दुपारी एका घरगुती खानावळीत बांगड्याचं कालवण घेतलं. त्यात तिरफळं होती. ती स्वादापुरती असतात, खायची नसतात. ताटाच्या कडेला काढून ठेवायची. मी बेचव जेवता जेवता एक चावलंच. जीभ झिणझिणली, डोळ्यांत पाणी आलं.

"अगो बाय! चावलंत?" वाढणाऱ्या मालतीबाई धावत आल्या.

"पन्नास वर्षं मला चावते आहे, तिरफळाचं काय!" आजोबा म्हणाले.

हसतच मालतीबाईंनी सोलकढीची वाटी पुढे केली. मी घोट घेतला आणि थांबले. कोकमाचा आंबटपणा कळत होता. एवढा समुद्र उशाशी घेऊन राहणारी ही माणसं आंबट-तिखटाचा किती नेमका तोल सांभाळतात!

गोड अजून कळत नाही. आंबट कळतं, तिखट कळतं.